शेमा तोंडपाठ आहे, रोजची तफिल्ला (प्रार्थना) टिकत नाही

ठाणेकरीण

शालोम आणि नमस्कार. इथे आमचे बेने इस्राएल (कोकणातले मराठी यहुदी) वाचक मोजकेच आहेत, पण मागे कोकणातल्या यहुदी पदार्थांच्या धाग्यावर चार-पाच जण भेटले होते, म्हणून धीर करून लिहितेय.

मुलगा बारा पूर्ण करतोय, पुढच्या वर्षी बार मित्झवा, म्हणजे तेराव्या वर्षी मुलगा धर्माचे नियम पाळायला बांधला जातो तो विधी. शनिवारी सिनेगॉगमधून चालत येताना त्याने सरळ विचारलं, "तेरा झाल्यावर मला रोज सकाळी तेफिलीन बांधायला लागणार ना? मग पप्पा का नाही बांधत?" (तेफिलीन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामड्याच्या पेट्या, आत धर्मग्रंथातले उतारे असतात.) पप्पा शेजारीच होते. "बघू" म्हणाले आणि विषय जेवणावर नेला.

आमच्या घरात धर्म नाही असं कुणी म्हणणार नाही. शुक्रवारी दिवा लागतो, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाताचा (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा) आशीर्वाद, होतो, यॉम किप्पूरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास सगळे धरतात, पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आधी घर उलटंपालटं करून आंबवलेलं सगळं बाहेर काढतो. दारावर मेझुझा (धर्मग्रंथाचा उतारा असलेली डबी) आहे, येता-जाता हात लावून ओठांना लावतो. पण रविवार ते गुरुवार सगळं कोरडं. शेमा, म्हणजे 'ऐक इस्राएल' ही आपली मूळ प्रार्थना, झोपेतसुद्धा म्हणू शकेन, पण रोज म्हणते का? नाही. दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा शाळेच्या परीक्षा आणि ऑफिसची धावपळ आली की बंद पडलं.

कृपा करून प्रवचन नको. जे रोज करतात त्यांनी एवढंच सांगावं, की सकाळी साडेसहाला डबे भरताना तुम्ही नक्की काय करता?

हझ्झान_काका

ताई, प्रवचन नको म्हणालात म्हणून वेळापत्रकापासूनच सुरू करतो. मी पनवेल-अलिबाग पट्ट्यात बरीच वर्षं तफिल्ला चालवली आहे, त्यामुळे अडचणी कुठे येतात ते माहीत आहे.

तेफिलीन बांधून पूर्ण शाहरीत (सकाळची प्रार्थना) म्हटली तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात. तिथून सुरुवात करणारा माणूस पंधरवड्यात थकतो, हे नेहमीचं. तुम्ही उलट्या टोकाने या. डोळे उघडल्या उघडल्या अंथरुणातच 'मोदे आनी', ही जाग आल्याबद्दल आभाराची ओळ. तुम्ही बाई म्हणून 'मोदा आनी' म्हणाल. त्यात देवाचं नाव येत नाही, म्हणून हात धुवायच्या आधी चालतं. मग तांब्याने दोन्ही हातांवर आळीपाळीने पाणी. मग शेमा. झालं. चार मिनिटं.

आता यातलं मर्म. शुलहान आरूख हा आपला कायद्याचा ग्रंथ. त्यात लिहिलंय की शेमाची पहिली ओळ लक्ष देऊन म्हटलीच पाहिजे, नाहीतर ती म्हटली असं धरतच नाहीत. आणि अमिदात, म्हणजे उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत, सगळीकडे लक्ष हवं, पण ते जमत नसेल तर निदान पहिल्या आशीर्वादात तरी हवं. म्हणजे माणसाचं मन पळणार हे गृहीत धरूनच नियम केलेत. एक ओळ आणि एक आशीर्वाद धरून ठेवायचे. डोळ्यांवर उजवा हात ठेवून "शेमा यिस्राएल" म्हणताना गॅसवर दूध असेल तर आधी गॅस बंद करा, एवढी काळजी पुरे.

वेळेची मर्यादा लक्षात ठेवा. सकाळचा शेमा दिवसाच्या पहिल्या चतुर्थांशात म्हणायचा असतो. दिवस सूर्योदय ते सूर्यास्त मोजला तर आपल्याकडे जूनमध्ये साधारण सव्वानऊ-साडेनऊपर्यंत, जानेवारीत दहाच्या आसपास. म्हणजे डबे भरून, मुलाला सोडून, ठाणे स्टेशनवर उभं राहूनसुद्धा वेळेत होतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: कुठलीही नवी गोष्ट धरताना 'बली नेदर' म्हणून धरा, म्हणजे 'हा नवस नाही' असं सांगून. चांगली रीत तीनदा केली की ती नवसासारखी अंगावर येऊ शकते, आणि मग ती सोडायला तीन माणसांपुढे नवस सोडवून घ्यावा लागतो. आपल्या आयाबहिणी नवस बोलायला पटाईत, त्यामुळे हा इशारा.

संशयात्मा

मीही बेने इस्राएल, पुण्याचा. वेगळं बोलतो, राग मानू नका.

काका, तुमची कृती बिनचूक आहे, पण धाग्याचा प्रश्न वेळापत्रकाचा आहे असं मला वाटत नाही. ज्याला ऐकणारा कुणी आहे याची खात्री नाही, त्याने चार मिनिटं कशासाठी बोलायचं? माझे एक नातेवाईक चाळीस वर्षं न चुकता तफिल्ला करत होते. मस्टरवर सही केल्यासारखी. घरात कुणाशी प्रेमाने बोलले नाहीत. 'आधी करा, विश्वास मागून येतो' हे ऐकलं की मला ते आठवतात. त्यांचा विश्वास कुठून येत होता कुणास ठाऊक, आमच्यापर्यंत तरी पोचला नाही.

केळवणी

वरच्या प्रतिसादाला +१. (मी यहुदी नाही, पण आमच्याकडेही सोवळ्यातले असे एक काका होते.)

हझ्झान_काका

@संशयात्मा, राग कशाला? तुमच्याआधी हे मिश्नात, म्हणजे आपल्या जुन्या कायद्याच्या संग्रहात, येऊन गेलंय. त्यातल्या बराखोत भागाच्या चौथ्या अध्यायात रब्बी एलिएझर म्हणतात, जो आपली तफिल्ला ठरीव करून टाकतो त्याची तफिल्ला विनवणी उरत नाही. म्हणजे तुमचे नातेवाईक. पण त्याच मिश्नात दुसरीकडे, आवोत भागाच्या पहिल्या अध्यायात, शम्माय सांगतात की तोराचा (मोशेच्या पाच ग्रंथांचा) अभ्यास ठरलेल्या वेळी कर. दोन्ही वाक्यं ठेवली, एक खोडलं नाही. रामबाम (मध्ययुगातले मोठे कायदेपंडित मैमोनिडीस) तर अजून पुढे गेले. मन ठिकाणावर नसेल तर ते येईपर्यंत तफिल्ला करूच नये म्हणाले. नंतरच्यांनी पाहिलं की असं धरलं तर कुणीच कधी तफिल्ला करणार नाही, म्हणून तो नियम सैल केला.

माझं मत विचाराल तर तुम्ही अर्धे बरोबर आहात. रोजच्या रोज केल्याने विश्वास येतोच असं नाही. पण न करता आलेला मी तरी पाहिला नाही.

अश्दोदवाला

इस्रायलहून लिहितोय. आजोबा रोह्याजवळच्या आष्टमी गावचे, वडील मुंबईत वाढले, मी इथे जन्मलो. मराठी घरात आईकडून. चूक असेल तर सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं इथे सोपं असेल. शुक्रवारी दुपारी दुकानं बंद, बस बंद, सुट्ट्या आपल्याच सणांच्या, खाली उतरलं की सिनेगॉग. खरं आहे. पण जे हवेत आहे त्यासाठी माणूस उठत नाही. माझ्या मित्रांत अर्धे असे की शब्बात म्हणजे समुद्रावर जायचा दिवस. ठाण्यात तुम्ही शुक्रवारी दिवा लावता तेव्हा शेजारणीला कळतं की ही लावते. इथे कुणाला काही कळत नाही.

आणि एक गोष्ट आजोबांमुळे सांगतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांची लग्नं लावताना आमचं मूळ तपासायला लावलं होतं. शेकडो वर्षं शनिवारी तेलाचा घाणा न चालवलेल्या लोकांना विचारलं की तुम्ही यहुदी कशावरून. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, १९६४ मध्ये सरकारने आणि संसदेने स्पष्ट सांगितलं की हे इतरांसारखेच पूर्ण यहुदी आहेत. आजोबा त्या काळात सिनेगॉगला जायचे बंद झाले नाहीत. का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "मी त्या रब्बीसाठी जात होतो काय?"

@संशयात्मा, तुमच्या नातेवाइकांचं ऐकून वाईट वाटलं. आमचे आजोबा गोड होते, त्यामुळे माझं काम सोपं झालं, हे मान्य.

पेणची_लेक

सगळे पुरुष तेफिलीनवर बोलतायत. धागा काढलाय बाईने. जरा बाजूला व्हा बघू.

ठाणेकरीण, बाळा, बायकांना ठरावीक वेळेला बांधलेल्या बऱ्याचशा मित्झवांतून (धर्माच्या आज्ञांतून) मोकळीक दिलेली आहे. तेफिलीन, त्सित्सित (वस्त्राच्या टोकांना बांधायचे धागे) त्यातच आले. ही मोकळीक का, तर घर तुझ्यामागे धावत असतं म्हणून. तेव्हा मुलाच्या बापाने करायचं ते न केल्याचा गुन्हा तू स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस.

आता मी काय करते ते सांगते. माझं लहानपण पेणला गेलं. आजीला हिब्रू वाचता येत नव्हतं. तिला येत होता शेमा, आणि सगळे सण तिच्या नावांनी. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, यॉम किप्पूर म्हणजे दारफाळणी, पुरीम म्हणजे होळीचा सण, तिशा बे-आवचा बिरड्याचा रोजा, त्या दिवशी वालाचं बिरडं. तिच्या पंचांगात एकही दिवस चुकत नसे. आणि ती दिवसभर देवाशी मराठीत बोलायची. पाण्याला नळ आला तर, माशांत चांगला पापलेट मिळाला तर, मुलाचं पत्र आलं तर. "देवा बापा, तुझे उपकार." बस.

मोठी झाल्यावर मला कळलं की ती जे करत होती त्याला शास्त्राचा आधार आहे. शेमा, तफिल्ला आणि जेवणानंतरची बिर्काथ कुठल्याही भाषेत म्हटली तरी चालते, हे मिश्नात सोता भागात आहे. उगाच का १९ व्या शतकात जोसेफ इझेकिएल राजपूरकरांसारखी हिब्रूत मुरलेली माणसं प्रार्थनांचे मराठी तर्जुमे करत बसली? माझ्याकडे आजोबांचं एक पुस्तक आहे, उजवीकडे हिब्रू, डावीकडे मराठी. मराठीची बाजू जास्त मळलेली आहे. तेलाचे डाग.

म्हणून माझा सल्ला असा: शेमा हिब्रूत म्हण, ती आपली खूण आहे. त्यानंतर दोन वाक्यं मराठीत, तुझ्या मनची. डबे भरता भरता म्हण. पोळी लाटताना म्हण.

वारीवाला

ताई, छान लिहिलंत. मी आळंदीचा, घरात माळकरी. तुमच्या धाग्यावर यायचा अधिकार नाही, पण आमच्याकडे हरिपाठाचं नेमकं असंच आहे. रोज संध्याकाळी, अर्थ कळो न कळो. वडील म्हणायचे, हरिपाठ चुकला तर जेवण चुकलं. तुमच्याकडे मलिदा म्हणतात तो प्रकार काय असतो? मुस्लिम मित्रांकडे दर्ग्यावर मलिदा पाहिलाय, तोच का?

पेणची_लेक

@वारीवाला, अधिकार काय त्यात, बसा.

नाव एक, पण आमचा वेगळा. नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, नवं घर घेतलं, मूल परीक्षेत पास झालं की मलिदा. मोठ्या ताटात भिजवून मोकळे केलेले पोहे, त्यात ओल्या नारळाचा चव, गूळ किंवा साखर, वेलची, काजू-बदाम-बेदाणे. वर आणि भोवती पाच तरी फळं: केळी, सफरचंद, संत्रं, खजूर, मोसमात असेल ते. सब्जाच्या किंवा गुलाबाच्या काड्या वासासाठी. घरचे, शेजारचे जमतात, एलियाहू हन्नाबीचं गाणं होतं, मग एकेका गोष्टीवर वेगळा आशीर्वाद: झाडाच्या फळावर एक, जमिनीतून येणाऱ्यावर एक, वासावर एक, पोह्यांवर एक. आणि मग सगळ्यांना वाटायचं.

एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया, आमचा पाठीराखा. अलिबागजवळच्या खंडाळे गावात कातळावर एक खूण आहे, तिथे त्याचा रथ टेकला होता असं आमचे लोक मानतात. लोक नवस बोलायला आणि फेडायला अजून जातात.

ठाणेकरीण

किती छान लिहिता आहात सगळे. पेणची_लेक मावशी, डोक्यावरचा भार उतरवलात. मुलाचे पप्पा हा धागा वाचताहेत, प्रतिसाद देत नाहीयेत.

मलिदाच्या आशीर्वादांवरून एक विचारायचं होतं. आमच्या इथे एकदा सांगितलं होतं की माणसाने दिवसाला शंभर आशीर्वाद म्हणायचे असतात. शंभर?

हझ्झान_काका

हो, शंभर. तालमुदात (मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात) रब्बी मेइर यांच्या नावावर आहे, मेनाहोत भागात. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण हिशोब करा. रोजच्या अमिदात १९ आशीर्वाद आहेत, नाव 'अठरा' असलं तरी. शाहरीत, मिन्हा (दुपारची), अर्वीत (रात्रीची) मिळून ५७ झाले. सकाळचे उठल्यानंतरचे आशीर्वाद, शेमाच्या आगेमागचे, जेवणाआधीचे-नंतरचे, पाण्याचे, चहाचे धरले की शंभर ओलांडतात.

गंमत शब्बाताची आहे. त्या दिवशी अमिदात सातच आशीर्वाद, म्हणून आकडा कमी पडतो. तो भरून काढायला लोक त्या दिवशी जास्त फळं खातात आणि सुवास घेतात. सब्जाची काडी हुंगली, आशीर्वाद. पेरू कापला, आशीर्वाद. मावशींचं मलिद्याचं ताट म्हणजे या हिशोबाची भर एका बैठकीत.

आणि डब्याचं म्हणाल तर ऑफिसात गव्हाची पोळी खाल्ली तर हात धुवून हामोत्सी, म्हणजे पोळी-पावावरचा आशीर्वाद. तांदळाच्या भाकरीवर हामोत्सी नाही, कारण ज्या पाच धान्यांवर तो म्हणतात त्यांत तांदूळ बसत नाही. तेव्हा ज्या दिवशी घाई आहे त्या दिवशी भाकरी न्यावी असा सूज्ञ मार्ग कुणी काढू नये.

संशयात्मा

हे मात्र आवडलं. चहावरचा आशीर्वाद मी सुरू करू शकतो. देवाशी बोलायचं की नाही ते नंतर बघू, चहाचे आभार मानायला अडचण नाही.

तरी माझा मूळ मुद्दा शिल्लक आहे. पेणच्या मावशींच्या आजीचं ऐकून वाटतं की आपण जुन्या लोकांना जरा जास्तच गोड करून सांगतो. "एका शेमावर समाज टिकला" हे मी लहानपणापासून ऐकतोय. दावीद रहाबी हा यहुदी गुरू कोकणात आला तेव्हा बायकांपुढे मासे ठेवले आणि त्यांनी पर-खवल्यांचे वेगळे काढले, ही गोष्टही. पण त्या काळात तेल्याचा मुलगा तेली व्हायचा, गावातल्या गावात लग्न व्हायचं, शनिवारी घाणा बंद ठेवायचा तर ठेवायचा. 'शनिवार तेली' हे नावही गावाने दिलेलं. निवड कुठे होती? आता निवड आहे, आणि त्यामुळेच अवघड आहे.

पेणची_लेक

निवड नव्हती म्हणे. शनिवारी घाणा बंद ठेवला की त्या दिवसाची कमाई गेली, बाजारात दुसऱ्या तेल्याचं तेल विकलं गेलं. पोटावर पाय देऊन केलेली गोष्ट निवड नाही, तर काय आहे? कोळंबी समोर शिजत असताना न खाणं ही निवड नाही? चौलच्या बाजारात जाऊन ये एकदा.

अश्दोदवाला

मावशी 😄

उरणचा_पोऱ्या

अवांतर: म्हणजे कुर्ल्या, तिसऱ्या, माकुल पण नाही? बेने इस्राएल होऊन कोकणात राहायचं म्हणजे खरी तपश्चर्या. सुरमई-रावस-बांगडा चालतं ना? बास मग.

ठाणेकरीण

हो, पर आणि खवले असले की चालतं. तेवढ्यात खूप भागतं हो.

विषयावर येते. गेल्या आठवड्यात मी मोदा आनी आणि शेमा सुरू केलाय, बली नेदर. पण अमिदा? सकाळी घरी शांतपणे उभं राहून म्हणायला जागा नाही, आणि ट्रेनमध्ये तर उभं राहायलाच जागा नाही. जेरुसलेमकडे तोंड करायचं तर लोकल सीएसएमटीकडे जाते.

हझ्झान_काका

लोकलसाठी नियम आहे, आणि तो सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. मिश्नात बराखोतमध्ये लिहिलंय: गाढवावर बसलेला असेल तर उतरावं, उतरता येत नसेल तर तोंड वळवावं, तोंडही वळवता येत नसेल तर मन पवित्र स्थानाकडे लावावं. पुढच्याच ओळीत जहाज, गाडी, तराफा यांवर असलेल्याला मन लावायला सांगितलंय. लेडीज डबा तराफ्यात धरायला हरकत नसावी. बसायला मिळालं तर बसून म्हणा, ओठ हलले पाहिजेत, आवाज आपल्या कानापुरता.

आपली सिनेगॉगं पश्चिमेकडे तोंड करून आहेत, हेखाल (तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट) पश्चिमेच्या भिंतीत. ठाण्याचं, १८७९ चं, तेही तसंच. घरात एकदा पश्चिमेची भिंत ठरवून ठेवली की रोज होकायंत्र लागत नाही.

आणि खंड पडेल. पडणारच. मिन्हा हातून निसटली तर अर्वीतला अमिदा दोनदा म्हणतात, दुसरा भरपाईचा. ओमेर, म्हणजे पेसाहपासूनचे ४९ दिवस, मोजताना एक दिवस राहिला तर आशीर्वाद न म्हणता पुढचे दिवस मोजत राहतात. 'एक दिवस राहिला, आता सगळंच गेलं' असं शास्त्रात कुठेच नाही, ते आपण मनाने लावून घेतो.

भायखळ्याचा

मिन्यानबद्दल (दहा पुरुषांच्या गणसंख्येबद्दल) कुणीच बोललं नाही. एकट्याने करणं ठीक, पण दहा माणसांशिवाय कद्दीश (गेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना) नाही, तोरा वाचन नाही, अमिदाची पुनरुक्ती नाही. मी वडील गेल्यावर कद्दीशसाठी रोज जायला लागलो. त्याआधी सणाचा यहुदी होतो. पहाटे नववा माणूस आला की सगळे दाराकडे बघायला लागतात. तुम्ही तो दहावा असलात की त्या दिवशी तुमचा विश्वास किती आहे हे कुणी विचारत नाही, सरळ आत ओढतात.

१७९६ चं आमचं जुनं सिनेगॉग, ज्याच्यावरून मशीद बंदर स्टेशनचं नाव पडल्याचं सांगतात, तिथेही माणसं जमवावी लागतात. गावांकडे तर विचारू नका. सिनेगॉग नीट रंगवलेलं, कुलूप लावलेलं, किल्ली शेजारच्याकडे. १९४८ नंतर लोक इस्रायलला गेले ते गेले. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर दारावर पोलीस आहेत, ते हवेतच, पण सहज आत डोकावणारा माणूस त्यामुळे कमी झाला.

@ठाणेकरीण, ठाण्यात आपली माणसं त्यातल्या त्यात जास्त. मुलाला आणि त्याच्या वडिलांना सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी एकदा पाठवा. त्या दिवशी तोरा वाचतात. तफिल्ला संपल्यावर म्हातारी मंडळी हातबोशी करायला पोराकडे येतात, दोन्ही हातांत त्याचे हात घेतात आणि मग बोटं ओठांना लावतात. पोराला ते एकदा मिळालं की पुढचं समजावावं लागत नाही.

संशयात्मा

दहावा माणूस हे पटलं. विश्वास तपासल्याशिवाय आत घेतात हे जास्त पटलं. पुण्यात रविवारी तफिल्ला असते का कुणाला माहीत आहे? रास्ता पेठेतल्या सिनेगॉगबद्दल विचारतोय, लाल देवळाबद्दल (तेही सिनेगॉगच) नाही.

भायखळ्याचा

व्यनि (खासगी निरोप) केलाय.

ठाणेकरीणचा_नवरा

खातं आजच उघडलं. "पप्पा वाचताहेत" म्हणून जगजाहीर झालंच आहे, तर विचारतो.

माझे तेफिलीन वडिलांनी दिलेले, कपाटात मखमली पिशवीत आहेत. पट्ट्यांचा काळा रंग उडालाय. वापरता येतील का? आणि बोटावर गुंडाळताना काय म्हणायचं ते विसरलोय. मुलगा समोर असताना पुस्तक उघडून शोधायला नको वाटतं.

हझ्झान_काका

या, या. पट्ट्या बाहेरच्या बाजूने पूर्ण काळ्या असाव्या लागतात, त्या रंगवून मिळतात. पण आतली चर्मपत्रं जाणकाराला दाखवा. चार उतारे आहेत, तोरातल्या शेमोत ग्रंथातले दोन आणि देवारीम ग्रंथातले दोन, आणि एका अक्षराला चीर गेली तरी सगळे बाद होतात. पेट्यांचे कोपरे घासलेत का तेही बघायला सांगा. इथे लेखनिक मिळणं कठीण, इस्रायलला जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर पाठवा. तोवर सिनेगॉगमधले वापरा.

हातावर सात वेढे, मग मधल्या बोटावर तीन. बोटावर गुंडाळताना होशेया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातल्या ओळी म्हणतात, जिथे देव म्हणतो की मी तुला कायमची वाग्दत्त करून घेतो, न्यायाने, दयेने, विश्वासाने. आणि पुस्तक मुलासमोरच उघडा की. दोघांनी मिळून शोधा. तो हसला तर हसू द्या.

बार मित्झवाच्या आधी महिना-दोन महिने सराव करतात. शब्बाताला आणि सणाला बांधायचे नाहीत, त्यामुळे आठवड्यातून एक सकाळ सुट्टी आहेच.

ठाणेकरीणचा_नवरा

आभारी आहे काका. रविवारी दोघे येतो. एक शेवटचं: मुलगा डावखुरा आहे. लिहितो डाव्याने, जेवतो डाव्याने, बॅटिंग मात्र उजव्याने करतो. कुठल्या हातावर बांधायचे?

हझ्झान_काका

लिहितो आणि बाकी कामंही डाव्याने करतो, म्हणजे त्याचे उजव्या हातावर. बॅटिंगचा विचार करायचा नाही. फक्त नवे मागवताना हातावरच्या तेफिलीनची गाठ डावखुऱ्यासाठी बांधून द्या असं आधीच सांगा. उजव्यांची गाठ उलटी पडते, आणि मग ती सोडवून पुन्हा बांधायला परत लेखनिकच शोधावा लागतो.